सांब्रा आणि नेवाळी : युद्धाने आखलेल्या धावपट्ट्या

नवी मुंबईतील खारघरच्या दोन बाजूंना दोन धावपट्ट्या आहेत, आणि त्यांच्या जन्मकथा इतक्या भिन्न आहेत की भारतातील विमानतळांचा इतिहास समजून घेण्यास याहून सोयीची जागा शोधावी लागणार नाही. दक्षिणेला काही किलोमीटरवर पनवेलच्या खाडीलगत नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा आहे. त्याची कल्पना १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढे आली, केंद्रीय मंत्रिमंडळाने तत्त्वतः मान्यता दिली ती २००७ मध्ये, पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली २०१० मध्ये, भूमिपूजन झाले फेब्रुवारी २०१८ मध्ये आणि उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी. ईशान्येला, सरळ रेषेत वीसेक किलोमीटरवर, मलंगगडाच्या पलीकडे नेवाळी हे गाव लागते, आणि तेथील धावपट्टीची जमीन दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत सरकारने ताब्यात घेतली. पहिल्या ठिकाणी कल्पनेपासून उड्डाणापर्यंत जवळजवळ तीन दशके गेली, तर दुसऱ्या ठिकाणी सुनावणी, हरकती, पुनर्वसन यांपैकी कशासाठीही वेळ काढण्यात आला नाही. आज ज्या लहानमोठ्या शहरांतून प्रवासी विमाने उडतात, त्यांपैकी बऱ्याच शहरांचे विमानतळ नेवाळीच्याच पद्धतीने आणि त्याच काळात अस्तित्वात आले, ही गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही.

या घाईचे कारण १९४२ च्या पहिल्या चार महिन्यांत सापडते. तोपर्यंत हिंदुस्थानच्या हवाई संरक्षणाचा सारा विचार वायव्य सरहद्दीकडे तोंड करून झालेला होता, कारण शत्रू आलाच तर खैबरच्या बाजूने येईल अशी ब्रिटिशांची पिढ्यान् पिढ्यांची धारणा होती. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, ८ मार्चला रंगून जपानी सैन्याच्या हाती गेले, ५ एप्रिलला कोलंबोवर आणि ६ एप्रिलला विशाखापट्टणम व काकीनाडा येथे जपानी विमानवाहू नौकांवरून आलेल्या विमानांनी बॉम्ब टाकले, आणि देशाची पूर्वेकडील बाजू उघडी पडल्याचे दिसून आले. विमाने मागवता येत होती, वैमानिकही येऊ शकत होते, परंतु ती उतरवायची कोठे हा प्रश्न होता; म्हणून त्याच वर्षी दोनशेहून अधिक विमानतळांचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. आसाम, बंगाल आणि मद्रास प्रांताच्या किनाऱ्यावर लढाऊ तळ उभे राहिले, तर शत्रूच्या पल्ल्याबाहेर असलेल्या दख्खनच्या पठारावर प्रशिक्षणाचे, दुरुस्तीचे आणि राखीव तुकड्यांचे तळ निघाले. पुण्याजवळ लोहगावचा तळ मुंबईच्या संरक्षणासाठी १९३९ मध्येच उभा राहिला होता. मुंबईत १९२८ पासून चालू असलेली जुहूची पट्टी अपुरी पडू लागल्यावर सांताक्रूझ येथे मोठा तळ झाला आणि युद्धकाळात तेथे रॉयल एअर फोर्सच्या तुकड्या राहिल्या. नागपूरचे सोनेगाव विमानांच्या मुक्कामाचे ठिकाण बनले. बेळगावच्या पूर्वेला दहा किलोमीटरवर सांब्रा या गावी रॉयल एअर फोर्सने १९४२ मध्ये तळ बांधला तो याच मालिकेतला. ब्रह्मदेशाच्या मोहिमेसाठी लागणाऱ्या प्रशिक्षणाकरिता त्याचा उपयोग झाला.

जागा निवडण्याचे निकष लष्करी होते आणि त्यांत त्या शहराच्या गरजेला काही स्थान नव्हते. बेळगाव ही जुनी छावणी होती, म्हणजे निवासाची, रुग्णालयाची आणि पुरवठ्याची व्यवस्था आधीच तयार होती. पुण्याहून मिरजमार्गे लोंढ्याकडे जाणारी मीटर गेज रेल्वे शहरातून जात होती. पूर्व किनारा इतका दूर होता की नौकांवरून उडणारे जपानी विमान तेथवर पोहोचण्याची धास्ती नव्हती. आणि सह्याद्रीचा घाटमाथा पश्चिमेला सोडून पूर्वेकडे सरकले की जमीन सपाट होत जाते, पाऊसही झपाट्याने कमी होतो. हा शेवटचा मुद्दा वैमानिकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. बेळगाव शहराच्या पश्चिमेला घाटाच्या कडेने आषाढ-श्रावणात ढग जमिनीला टेकलेले असतात, आणि दहा-पंधरा किलोमीटरच्या अंतराने दृश्यतेत, म्हणजे डोळ्यांना स्पष्ट दिसण्याच्या पल्ल्यात, मोठा फरक पडू शकतो.

धावपट्टीची दिशाही अशीच वाऱ्याने ठरते. विमान शक्य तोवर वाऱ्याला तोंड देऊन उतरते आणि उडते, कारण समोरून येणारा वारा पंखांवरून जाणाऱ्या हवेचा वेग वाढवतो आणि त्यामुळे जमिनीवर कमी धावून भागते. प्रत्येक धावपट्टीला तिच्या चुंबकीय दिशेच्या अंशांवरून क्रमांक देण्याची जगभर रीत आहे, ज्यात शेवटचा अंक गाळला जातो. सांब्र्याच्या धावपट्टीचा क्रमांक ०८-२६ असा आहे, म्हणजे एका टोकाकडून ती साधारण ८० अंशांवर, पूर्वेला किंचित उत्तरेकडे, आणि दुसऱ्या टोकाकडून २६० अंशांवर, पश्चिमेला किंचित दक्षिणेकडे रोखलेली आहे. नैऋत्य मोसमी वारा बेळगावच्या पठारावर जवळजवळ याच दिशेने वाहतो. कोणत्याही लहान विमानतळाच्या धावपट्टीवर रंगवलेले आकडे वाचले तर त्या मुलखातला पाऊस कोणत्या बाजूने येतो याचा बहुधा अंदाज बांधता येतो.

लांबीचा हिशेब अधिक उद्बोधक आहे. १९४२ मध्ये ब्रिटिश हवाई खात्याने बॉम्बफेकी विमानांच्या तळासाठी एक प्रमाण ठरवले, त्यात एकमेकींशी साधारण साठ अंशांचा कोन करणाऱ्या तीन धावपट्ट्या होत्या. मुख्य धावपट्टी २००० यार्ड लांब व ५० यार्ड रुंद, आणि उरलेल्या दोन १४०० यार्डांच्या. तीन धावपट्ट्यांची गरज अशी की त्या काळची पुष्कळ विमाने शेपटीखालच्या लहान चाकावर टेकून उभी राहणारी असत आणि बाजूने येणाऱ्या वाऱ्यात ती सहज भरकटत. सर्वच ठिकाणी हे प्रमाण पूर्ण पाळले गेले असे नाही, परंतु २००० यार्ड म्हणजे १८२९ मीटर हे लक्षात ठेवून सांब्र्याच्या नोंदींकडे वळले, तर विस्तारापूर्वी या धावपट्टीची लांबी १८३० मीटर दिली जात असे, ही गोष्ट लक्ष वेधून घेते. युद्धाच्या वेळचे माप सत्तर वर्षांनंतरही एका शहराच्या प्रवासाला मर्यादा घालत होते, असे म्हणणे वावगे होणार नाही.

ही मर्यादा कागदावर दिसते त्याहून कडक होती. सांब्रा समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून अधिक उंचीवर आहे, आणि उंचीबरोबर हवा विरळ होत गेल्याने पंखांना मिळणारी उचल व इंजिनाची ताकद दोन्ही घटतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ठोकताळ्यानुसार दर ३०० मीटर उंचीमागे धावपट्टीची लांबी सात टक्क्यांनी वाढवावी लागते, आणि तापमान त्या उंचीच्या प्रमाणित तापमानाहून जितके अंश अधिक असेल तितके टक्के आणखी वाढवावे लागतात. या हिशेबाने सांब्र्याची १८३० मीटरची पट्टी केवळ उंचीमुळेच समुद्रकाठच्या साडेपंधराशे मीटरच्या पट्टीइतकी ठरत होती, एप्रिल-मेच्या दुपारी तर त्याहूनही आखूड. दुसऱ्या महायुद्धातल्या डकोटा विमानाला एवढी लांबी भरपूर होती आणि पंखे असलेल्या आजच्या साठ-सत्तर आसनी विमानालाही ती पुरते, परंतु दीडशेहून अधिक प्रवासी नेणारे जेट विमान पूर्ण भाराने तेथून उडवणे शक्य नव्हते.

युद्ध संपल्यावर या तळांचे काय करायचे, याचे उत्तर निरनिराळ्या देशांनी निरनिराळे दिले. अमेरिकेत १९४४ च्या अतिरिक्त मालमत्तेविषयीच्या कायद्याखाली शेकडो लष्करी विमानतळ नगरपालिका, परगणे आणि राज्ये यांच्याकडे सोपवले गेले, त्याबरोबर ते सार्वजनिक विमानतळ म्हणून चालू ठेवण्याची अट घातली गेली. त्या देशातील छोट्या गावांना विमानतळ आहेत ते मोठ्या प्रमाणावर यामुळे. ब्रिटनमध्ये स्कॉटलंडच्या इन्व्हर्नेसजवळचा डॅलक्रॉसचा तळ १९४७ पासून नागरी वाहतुकीला मिळाला. लंडनच्या हीथ्रोची गोष्ट याहून अस्वस्थ करणारी आहे. ती जमीन १९४४ मध्ये लष्करी तळाच्या नावाखाली युद्धकालीन अधिकार वापरून घेण्यात आली, १९४६ मध्ये तेथे नागरी विमानतळ सुरू झाला, आणि पुढे १९७३ मध्ये त्या वेळचे हवाई खात्याचे उपमंत्री हॅरॉल्ड बाल्फर यांनी आपल्या आठवणींत मान्य केले की नागरी विमानतळाचा हेतू पहिल्यापासून होता आणि लांबलचक चौकशी टाळण्यासाठीच लष्करी गरज पुढे करण्यात आली.

भारतात स्वातंत्र्यानंतर बहुतेक मोठे तळ हवाई दलाकडे राहिले आणि नागरी वाहतुकीला त्यांच्या एका कोपऱ्यात जागा मिळाली. या रचनेला नागरी विभाग म्हणतात. तीत धावपट्टी, हवाई वाहतूक नियंत्रण आणि बहुतांश जमीन संरक्षण दलांकडे असते, तर टर्मिनलची इमारत आणि विमाने उभी करण्याचे फलाट भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे असतात. लोहगाव आजही असाच आहे, आणि पुण्यासारख्या महानगराच्या प्रवाशांना हवाई दलाच्या सरावाच्या वेळा सांभाळून उडावे लागते. सांताक्रूझ मात्र युद्धानंतर नागरी वाहतुकीला मिळाले. मुंबईच्या विमानतळाभोवतीची घुसमट सर्वांना ठाऊक आहे, पण तिचे मूळ एका लष्करी तळाच्या कुंपणात आहे हे विसरले जाते. नागपूरने आपल्या मध्यवर्ती स्थानाचे वेगळेच सोने केले. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपाल सेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत.

सांब्र्याच्या वाट्याला आणखी एक युद्ध यायचे होते. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या मोहिमेसाठी मेजर जनरल कँडेथ यांच्या नेतृत्वाखालील १७ वी पायदळ डिव्हिजन बेळगाव परिसरात जमली आणि हवाई कारवाईसाठी पुणे व सांब्रा हे दोन तळ वापरण्यात आले, ज्याची सूत्रे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती. १८ डिसेंबरला कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले आणि हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. दाबोळीची टर्मिनल इमारत आणि नियंत्रण मनोरा यांना धक्का लावू नये असे आदेश होते, कारण हा विमानतळ लवकरच आपल्याला वापरायचा आहे हे मोहीम आखणाऱ्यांना माहीत होते. धावपट्टीचे नुकसान इतके मर्यादित राहिले की पोर्तुगीजांनी त्याच रात्री तिची डागडुजी करून दोन प्रवासी विमाने कराचीकडे उडवली. दाबोळीचा प्रवास सांब्र्याच्या नेमका उलट झाला. पोर्तुगीजांनी १९५० च्या दशकात नागरी विमानसेवेसाठी उभारलेला तो विमानतळ मुक्तीनंतर भारतीय नौदलाकडे गेला, आणि गोव्याच्या साऱ्या पर्यटनाला त्यानंतर सहा दशके नौदलाच्या वेळापत्रकात बसावे लागले.

सांब्र्यात हवाई दल पुढे कायमचे रुजले ते प्रशिक्षणासाठी. भारतीय हवाई दलात भरती होणाऱ्या जवानांचे प्रारंभीचे शिक्षण येथील प्रशिक्षण विद्यालयात होते, आणि अग्निपथ योजनेखाली निवडलेल्या हवाई दलाच्या पहिल्या तुकडीचे प्रशिक्षणही डिसेंबर २०२२ मध्ये येथेच सुरू झाले. शहराची नागरी विमानसेवा त्या मानाने दुबळी राहिली, मधूनमधून सुरू होत आणि बंद पडत. ओतकाम आणि सुट्या भागांच्या उद्योगामुळे, वैद्यकीय महाविद्यालयांमुळे आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रामुळे बेळगावकडे देशभरातून माणसे येतात, तरीही विमानाने जायचे तर अनेकांना गोवा गाठावा लागे. शेवटी कर्नाटक सरकारने शेजारची सुमारे ३७० एकर जमीन संपादून दिली, धावपट्टी २३०० मीटरपर्यंत वाढवून ४५ मीटर रुंद करण्यात आली, आणि १४ सप्टेंबर २०१७ रोजी नवे टर्मिनल सुरू झाले.

या टर्मिनलच्या पहिल्याच वर्षी जे घडले त्यातून लहान विमानतळाचे अर्थकारण किती नाजूक असते ते कळते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये उडान ही प्रादेशिक योजना जाहीर केली होती. तीत ठरावीक आसनांचे भाडे एका तासाच्या उड्डाणासाठी साधारण अडीच हजार रुपयांवर मर्यादित ठेवायचे आणि त्यामुळे विमान कंपनीला येणारी तूट सरकारने भरून द्यायची अशी व्यवस्था होती. शंभरेक किलोमीटरवरचे हुबळी या योजनेत आधी आले आणि बेळगाव राहून गेले. परिणामी २०१८ मध्ये बेळगावची उड्डाणे हुबळीकडे वळवली गेली आणि नवे कोरे टर्मिनल जवळजवळ ओस पडले. नागरिकांनी, उद्योजकांनी आणि लोकप्रतिनिधींनी पाठपुरावा केल्यावर जानेवारी २०१९ मध्ये योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात बेळगावचा समावेश झाला. त्याच महिन्यात सेवा सुरू करणाऱ्या स्टार एअर या कंपनीने पुढे बेळगावला इतर शहरांशी जोडले. ही कंपनी कोल्हापूर जिल्ह्यातील घोडावत उद्योगसमूहाची असून तिची सुरुवात ५० आसनांच्या जेट विमानांनी झाली. धावपट्टी, इमारत आणि प्रवासी तिन्ही जागच्या जागी असताना केवळ एका यादीत नाव असण्या-नसण्याने एवढे अंतर पडले, हे लहान शहरांच्या विमानतळांसाठी आग्रह धरणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मार्च २०२४ मध्ये येथे आणखी मोठ्या टर्मिनलची पायाभरणी झाली.

कोल्हापूरचे उदाहरण येथे मुद्दाम नोंदवायला हवे, कारण तेथील उजळाईवाडीचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये, म्हणजे सांब्र्याच्या तीन वर्षे आधी, लष्करी कारणाशिवाय आपल्या प्रजेसाठी आणि संस्थानासाठी बांधला होता. युद्धाखेरीजही विमानतळ उभा राहू शकत होता, फक्त त्यासाठी दूरदृष्टीचा राज्यकर्ता लागत होता.

सांब्र्याची युद्धकालीन पट्टी एका शहराच्या उपयोगी पडली. नेवाळीची पट्टी कोणाच्याच पडली नाही. नेवाळी आणि आसपासच्या गावांतील सोळाशे एकरांच्या आसपास जमीन युद्धकाळात भारत संरक्षण कायद्याच्या आधारे घेण्यात आली. या कायद्याखालील नियमांनी सरकारला कोणतीही स्थावर मालमत्ता तडकाफडकी ताब्यात घेण्याचा अधिकार दिला होता. अशा ताब्याचे दोन प्रकार असतात आणि त्यांतील फरकावर पुढचे सारे भांडण उभे आहे. अधिग्रहणात मालकी मूळ धन्याकडेच राहते, सरकार ठरावीक काळ जागा वापरते आणि त्याचे भाडे देते. संपादनात मोबदला देऊन मालकीच सरकारकडे जाते. युद्ध संपल्यावर जमीन परत मिळेल असे आश्वासन आपल्या वाडवडिलांना दिले होते, असे शेतकऱ्यांचे म्हणणे आहे, तर जमीन संरक्षण खात्याचीच असल्याचे, या जागेवर हक्क सांगणाऱ्या नौदलाचे म्हणणे आहे. दरम्यान विमाने उतरेनाशी झाली, धावपट्टी पडीक राहिली आणि शेतकरी त्या जमिनीचा बराचसा भाग कसत राहिले. नवी मुंबईचा प्रकल्प पर्यावरणाच्या प्रश्नावर अडला असताना मुंबईच्या दुसऱ्या विमानतळासाठी कल्याणजवळच्या या जागेचे नाव पर्याय म्हणून पुढे आले, परंतु ते तेवढ्यावरच राहिले. पुढे नौदलाने संरक्षक भिंत बांधायला घेतली तेव्हा असंतोष पेटला, आणि २२ जून २०१७ रोजी आंदोलन हिंसक झाले. वाहने जाळली गेली, पोलिसांनी छऱ्यांच्या बंदुका वापरल्या, शेतकरी आणि पोलीस दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली.

खारघरच्या दक्षिणेकडील विमानतळासाठीही गावे उठली. दहा गावांचे स्थलांतर झाले, उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला आणि उलव्याची टेकडी सपाट करण्यात आली. हे नुकसान लहान नव्हते आणि विस्थापितांच्या सर्व तक्रारी मिटल्या असे म्हणता येणार नाही. तरीही तेथे शेतकऱ्याला वाटाघाटीच्या टेबलापर्यंत पोहोचता आले, कारण त्याच्या मागे या परिसरातील मोठ्या लढ्याची पुण्याई होती. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या भूसंपादनाविरुद्ध जासई-दास्तान परिसरात झालेल्या आंदोलनात पाच जणांना प्राण गमवावे लागले, त्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व आले, आणि विमानतळाच्या वेळी ते प्रमाण साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेले. १९४२ मध्ये नेवाळीच्या शेतकऱ्याजवळ असे कोणतेच बळ नव्हते. त्या वर्षी काँग्रेसचे बहुतेक नेते ऑगस्टपासून तुरुंगात होते आणि युद्धकालीन कायद्यापुढे न्यायालयांचे दरवाजेही अरुंद झाले होते.

भूसंपादनाच्या २०१३ च्या नव्या कायद्याने संमती, सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि पुनर्वसन यांच्या तरतुदी आणल्या. घेतलेली जमीन पाच वर्षांत वापरली नाही तर ती मूळ मालकाला किंवा सरकारी भूमिकोषाला परत द्यावी असे त्याच्या १०१ व्या कलमात म्हटले आहे, आणि तातडीच्या संपादनाचा अधिकार संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा, नैसर्गिक आपत्ती आणि संसदेच्या मान्यतेने इतर आणीबाणी एवढ्यापुरताच ठेवला आहे. हा कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. नेवाळीची जमीन त्याच्या सत्तर वर्षे आधी गेलेली होती.